जांभळ्याचं निळं झालं तरी चित्र उभं कसं राहिलं? व्हॅन गॉगच्या आयरिसचं प्रकरण

गेल्या वर्षी रविवारच्या क्लासला सरांनी सांगितलं की प्रत्येकाने एकेका मोठ्या चित्रकाराचं चित्र कॉपी करायचं, फक्त सूर्यफुलं सोडून, कारण दरवर्षी निम्मा वर्ग सूर्यफुलंच काढतो आणि ती बघून बघून ते वैतागले होते. मी म्हटलं ठीक आहे, सूर्यफुलं नको तर आयरिस घेऊ, चित्रकार तोच आणि घरी बऱ्यापैकी मोठा प्रिंट पण होता. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममधलं ते उभं चित्र, पिवळ्या भिंतीपुढे पिवळी फुलदाणी आणि त्यात निळ्या फुलांचा भारा. तीन रविवार घालवले, अल्ट्रामरीन निळ्याची अख्खी ट्यूब संपवली, आणि चौथ्या रविवारी सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, झालंय छान, पण त्याने फुलं जांभळी काढली होती रे, निळी कुठून आणलीस?

मला वाटलं चेष्टा करतायत. प्रिंट समोर होता, त्यात ढळढळीत निळी फुलं होती. आणि गंमत म्हणजे मी खरी आयरिस पाहिलेली आहेत, श्रीनगरला एप्रिलमध्ये, तिथल्या जुन्या कब्रस्तानात रांगाच्या रांगा असतात आणि ती चक्क जांभळी होती, तरी प्रिंट निळा म्हणतोय म्हटल्यावर मी मुकाट्याने निळा लावला. तर तिथून हे प्रकरण सुरू झालं आणि नंतर दोनतीन महिने डोक्यातून गेलंच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी परिस्थिती काय होती ते. मे १८८९ पासून विन्सेंट, म्हणजे व्हॅन गॉग, दक्षिण फ्रान्समधल्या सां-रेमी गावाजवळच्या मनोरुग्णालयात स्वतःहून राहत होता. १८९० च्या फेब्रुवारीत त्याला जो झटका आला तो सगळ्यात लांबला, एप्रिलच्या शेवटापर्यंत म्हणजे दोन महिने. त्यातून बाहेर आला आणि ठरलं की इथून निघायचं, पॅरिसजवळच्या ओव्हेरला जायचं. निघाला १६ मेला. म्हणजे हातात जेमतेम दोनतीन आठवडे, सामान बांधायचंय, आणि हा माणूस त्यात बसून फुलांची चार मोठी चित्रं काढतो. दोन आयरिसची, दोन गुलाबांची, दोन उभी, दोन आडवी, सगळी साधारण एकाच मापाची, अंदाजे ९२ बाय ७३ सेंटिमीटर. रंग इतका जाड की निघताना चित्रं ओलीच होती, मागेच ठेवावी लागली, वाळल्यावर जूनच्या शेवटी ओव्हेरला पोचली. महिन्याभराने, २९ जुलैला तो गेला. म्हणजे स्वतःची ही चित्रं वाळलेल्या अवस्थेत त्याने जेमतेम महिनाभर पाहिली.

(एक गोंधळ आधीच निस्तरतो. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये जे प्रसिद्ध आयरिस आहे, बागेतलं, ज्यात एकच पांढरं फूल आहे, ते वेगळं. ते वर्षभर आधीचं, तिथे दाखल झाल्या झाल्या काढलेलं. १९८७ च्या लिलावात त्याला ५.३९ कोटी डॉलर आले होते, त्यामुळे गूगलवर आयरिस टाकलं की पहिलं तेच येतं. मी बोलतोय ते फुलदाणीतल्या आयरिसबद्दल.)

आता मुद्द्याचं. आयरिसची दोन चित्रं आहेत आणि त्याने भावाला, थिओला, पत्रात दोघांचं गणित स्वतःच सांगून ठेवलंय. एक चित्र गुलाबी बॅकग्राउंडवर, त्यात हिरवे, गुलाबी, जांभळे असे रंग एकमेकांत मिसळून जातील, मऊ, सौम्य. हे आता न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, आडवं. दुसरं लिंबू पिवळ्या बॅकग्राउंडवर, फुलं जांभळी, पार कार्माइन (किरमिजी लाल) आणि प्रशियन ब्लू (गडद निळा) इथपर्यंत गेलेली, फुलदाणी आणि टेबलही पिवळ्याच वेगवेगळ्या छटांत, आणि इथे परिणाम उलटा, भयंकर विजोड रंग समोरासमोर उभे करायचे म्हणजे दोघंही एकमेकांना चढवतील. हे ॲमस्टरडॅमचं, उभं. फुलं तीच, आठवडाही तोच, फक्त भिंतीचा रंग बदलला आणि एकातून गोडवा तर दुसऱ्यातून भांडण काढलं. हे सगळं मनात येईल तसं फटकारे मारून झालंय असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पत्र जरूर वाचावं, माणूस अगदी हिशोबी आहे.

आणि हा हिशोब एका दिवसात आलेला नाही. त्या काळी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलचा नियम चित्रकारांत चांगलाच रुळलेला होता. तो मूळ गालिच्याच्या कारखान्यात रंगाऱ्यांचा प्रमुख, १८३९ मध्ये पुस्तक काढून त्याने दाखवलं की दोन रंग शेजारी ठेवले की ते एकमेकांना बदलतात, आणि विरोधी जोड्या, म्हणजे लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा, या शेजारी आल्या की दोन्ही जास्त भडक दिसतात. साडीचे काठ निवडणाऱ्या कुठल्याही मावशीला हे पुस्तक न वाचता माहीत असतं म्हणा. विन्सेंटकडे तर रंगीत लोकरीच्या गुंडाळ्यांनी भरलेली लाखेची लाल पेटी होती, दोनतीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून तो जोड्या तपासायचा, पेटी अजून म्युझियममध्ये आहे. १८८६ च्या उन्हाळ्यात पॅरिसला असताना मॉडेलला द्यायला पैसे नव्हते म्हणून त्याने डझनावारी फुलं रंगवली, आणि मित्राला लिहिताना सरळ सांगितलं की मी विरोधी रंगांच्या जोड्या शोधतोय. फुलं म्हणजे त्याची रंगाची तालीम. चार वर्षं तालीम केलेला माणूस शेवटच्या आठवड्यात हे दोन प्रयोग करतोय.

मग जांभळा गेला कुठे?

तर तो उडाला. अगदी आपल्या भाषेत सांगायचं तर लाल कच्चा निघाला. जांभळा करायला त्याने निळ्यात लाल मिसळला, गुलाबीसाठी पांढऱ्यात लाल मिसळला, आणि तो लाल होता लेक जातीचा. लेक म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग पांढऱ्या पुडीवर बसवून केलेलं रंगद्रव्य. या लेकचं मूळ आपल्याच लाखेत आहे बरं का, संस्कृत लाक्षा, मराठी लाख, तोच शब्द फिरत फिरत युरोपात जाऊन लेक झाला. पण विन्सेंटच्या ट्यूबमधली लाख किड्याची नव्हती, कारखान्यातली होती. १८७० च्या दशकात इओसिन नावाचा कृत्रिम रंग निघाला, त्यापासून केलेल्या लेकला जिरेनियम लेक म्हणायचे, दिसायला अप्रतिम भडक लाल-गुलाबी आणि उजेडात टिकायला एकदम दरिद्री. निळा जागेवर राहिला, लाल निघून गेला, उरला निळा. गुलाबी भिंतीत पांढऱ्यातला लाल गेला, उरली पांढरी भिंत.

हे कळलं कसं हा भाग मला फार आवडला. इओसिनच्या रेणूत ब्रोमिन असतं. डोळ्याला दिसणारा लाल गेला तरी ब्रोमिन कॅनव्हासवरच बसलेलं असतं. मेटमधल्या लोकांनी एक्स-रे वापरून सगळ्या चित्राचा ब्रोमिनचा नकाशा काढला आणि जिथे जिथे ब्रोमिन तिथे तिथे कधीकाळी लाल होता. चोर पळाला पण चिखलात पाऊल राहिलं. त्यावरून आणि पत्रावरून त्यांनी मूळ रंग कसे असतील त्याची कॉम्प्युटरवर प्रतिमा केली आणि २०१५ च्या मे महिन्यात, बरोबर १२५ वर्षांनी, चारही चित्रं न्यूयॉर्कला एकत्र भरवली. मूळ कॅनव्हासवर अर्थातच कोणी ब्रश लावलेला नाही, आणि लावूही नये, उद्या अंदाज चुकला तर काय करणार.

आणि विन्सेंटला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. १८८८ च्या वसंतात त्याने थिओला लिहिलं होतं की इम्प्रेशनिस्टांनी, म्हणजे त्या काळच्या नव्या वळणाच्या फ्रेंच चित्रकारांनी, फॅशनमध्ये आणलेले सगळे रंग बेभरवशाचे आहेत, म्हणूनच ते बिनधास्त कच्चे कच्चे भडक लावावेत, काळ त्यांना नको तितका मऊ करेलच. म्हणजे स्वयंपाकात वेलचीचा वास उडून जाणार हे धरून ती आधीच जास्त घालून ठेवण्यातला प्रकार. पण भडक लावला तरी जो रंग मुळात उडणाराच आहे तो किती पुरणार, वास सगळाच उडाला.

इथपर्यंतची माहिती शोधली की कुठेही मिळते. मला छळणारा प्रश्न वेगळा होता. ॲमस्टरडॅमच्या चित्राचा सगळा डोलारा पिवळा विरुद्ध जांभळा या एका भांडणावर उभा होता ना, मग त्यातला एक पक्ष निम्मा मेल्यावर चित्र पडलं का नाही? लाखो लोक ते बघतात, कोणाला काही बिघडलंय असं वाटत नाही, मला तर तीन रविवार वाटलं नाही.

मी एक साधी गोष्ट केली. फोनवर चित्राचा फोटो उघडला आणि मोनो फिल्टर मारला. रंग गायब, फक्त उजेड-अंधार. आणि चित्र जसंच्या तसं उभं. भिंत जवळजवळ पांढरी, फुलांचा भारा गडद, कडा सुरीने कापल्यासारख्या. रंगचक्रात पिवळा सगळ्यात उजळ आणि जांभळा सगळ्यात गडद, त्यामुळे ही जोडी निवडली की रंगाच्या विरोधासोबत उजेड-अंधाराचा विरोध आपोआप फुकट मिळतो. लाल-हिरव्यात तो मिळत नाही, ते दोघं मोनोमध्ये एकाच करड्या रंगाचे होऊन बसतात. जांभळ्यातला लाल उडाला तेव्हा रंगाचं भांडण सौम्य झालं पण गडदपणा निळ्याने धरून ठेवला. एक खांब पडला, दुसरा होताच.

तिसरा खांब म्हणजे आकार. ते चित्र नीट बघा एकदा, मला कॉपी करताना चौथ्यांदा खोडल्यावर दिसलं. भारा फुलदाणीच्या मानाने अवाढव्य आहे, वर आणि बाजूंना पसरत जातो, पानं तलवारीसारखी बाहेर घुसतात, आणि भिंत पूर्ण सपाट, सावली म्हणून नाही, त्यामुळे डोळा मागे जाऊच शकत नाही, बाह्यरेषेवरच फिरत राहतो. जपानी छापचित्रांचा नाद होता त्याला, हे तिथूनच. आणि उजवीकडे एक झुबका फुलदाणीतून घसरून खाली टेबलाकडे झुकलाय. तो झुबका मी आधी गाळला होता, म्हटलं पसारा कशाला. गाळल्यावर चित्र म्हणजे हळदीकुंकवाच्या टेबलावरचा गुच्छ झाला, सरळ, सुबक, मेलेला. परत काढला तेव्हा सगळ्या भाऱ्याला वजन आलं, कळलं की फुलं जास्त आहेत आणि भांडं लहान पडतंय. फुलांच्या रंगाचं काहीही होवो, हा तोल रंगावर अवलंबूनच नाही.

पण म्हणून काही नुकसानच झालं नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दोन ठिकाणी झालंय, हे माझं मत आहे आणि कॉपी करून हात दुखवून घेतल्यामुळे मी ते हक्काने देतो.

पहिलं, पाकळ्यांच्या आत. आयरिसच्या सहा पाकळ्या असतात, तीन वर उभ्या आणि तीन जिभेसारख्या खाली लोंबणाऱ्या, भरपूर वळणं. विन्सेंटने त्यांना गडद निळी आऊटलाइन दिली. आत जांभळा असताना ही निळी रेघ वेगळी उठून दिसत असणार, आत रंग, बाहेर रेघ. आता आतही निळा आणि रेघही निळी, त्यामुळे भाऱ्याच्या मध्यभागी कुठलं फूल कुठे संपतं हे मला प्रिंटवरून शेवटपर्यंत कळलं नाही. सुरुवातीला मी छपाईला शिव्या घातल्या. छपाई बिचारी बरोबर होती.

दुसरं नुकसान जास्त मोठं आणि लक्षात यायला जास्त वेळ लागला. देठ आणि पानं हिरवी आहेत. मूळ चित्रात पिवळा, जांभळा आणि मध्ये हिरवा. आता पिवळा, निळा आणि मध्ये हिरवा. आता शाळेतलं पोरगंही सांगेल की पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा, म्हणजे पानं आता दोघांच्या बरोबर मधे बसलीत, भांडणाऱ्या दोन भावांमध्ये दोघांचीही लाडकी वहिनी बसावी तशी. सगळं कसं जुळून येतं, गोड दिसतं. विन्सेंटला गोड नको होतं! गोड चित्र त्याने दुसरं काढलं होतं, हे विजोड होतं. आपण आज उशांच्या अभ्र्यांवर आणि कॉफी मगवर जे छापतो ती त्याच्या भांडणाची तडजोड झालेली आवृत्ती आहे.

मग ते दुसरं, न्यूयॉर्कचं, त्याचं काय झालं? तिथे सगळंच उलटं. त्याची रचनाच सौम्य होती, गुलाबी भिंत, हिरवं टेबल, जांभळी फुलं, हिरवा आणि गुलाबी हे खरं तर विरोधकच, लाल-हिरव्याच्याच घरातले, पण पांढरा घालून दोघांचे दात काढलेले. भिंतीतला गुलाबी उडाल्यावर चित्राची सगळी ऊब गेली. उरले हिरवा, निळा आणि पांढरट. थंड, धुतलेल्या चादरीसारखं. भिंत उजळ झाल्यामुळे फुलं उलट जास्त ठळक दिसायला लागली असावीत, म्हणजे जे चित्र मिसळून जाण्यासाठी केलं होतं ते आता तुटक झालं, आणि जे तुटक हवं होतं ते जुळून आलं. दोघा भावंडांनी स्वभावच बदलून घेतले.

आणि खोटं कशाला बोलू, मला न्यूयॉर्कचं आहे तसंच आवडतं. त्या पांढऱ्या भिंतीपुढची ती निळी फुलं पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिली तेव्हा वाटलं होतं की काय संयम आहे या माणसाचा, शेवटी शेवटी किती शांत झाला होता. संयम वगैरे काही नव्हता, भिंत गुलाबी होती. कॉम्प्युटरवर केलेली गुलाबी प्रतिमा पाहिली तर मला ती जरा मिठाईच्या खोक्यासारखी वाटली. आता यात चूक कोणाची म्हणायची. हे चित्र आणि मेटमधलंच गुलाबाचं चित्र विन्सेंटच्या आईकडे होतं, १९०७ मध्ये ती जाईपर्यंत तिने ते ठेवलं होतं. तिच्या घरी उजेडात टांगलेलं असताना त्यातला गुलाबी रोज थोडा थोडा उडत असणार आणि रोज बघणाऱ्या माणसाला ते कळत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरचं जसं आपल्याला पान उलटल्यावरच कळतं. गुलाबाच्या चित्रातही तेच झालंय, आज पांढरे म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो ते गुलाब त्याने गुलाबी म्हणून काढले होते, पाकळ्यांवर आणि टेबलाच्या कडेला गुलाबीचा थोडा माग अजून आहे.

माझ्या कॉपीचं काय केलं ते राहिलंच. सर म्हणाले निळ्यावर पातळ लाल चढव. मी एका कोपऱ्यातल्या दोन फुलांवर चढवून बघितला आणि भिंत एकदम किंचाळायला लागली. तोच पिवळा, तीच ट्यूब, मी भिंतीला हात लावला नव्हता, तरी दोन जांभळ्या फुलांशेजारी तो पिवळा जास्त पिवळा झाला. शेव्हरल पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच कॅनव्हासवर तीन इंचांत घडताना बघणं वेगळं. मग बाकीची फुलं तशीच निळी ठेवली आणि ही दोन जांभळी, चित्र कॉपी म्हणून नापास आहे पण मला हवं ते त्यात दिसतं.

जाता जाता एक उद्योग अजून केला. ड्रॉईंग पेपरच्या पट्टीवर स्टुडंट ग्रेडचा सगळ्यात स्वस्त भडक गुलाबी लावला, त्याच्या शेजारी तोच गुलाबी निळ्यात मिसळून केलेला जांभळा, अर्ध्या पट्टीवर काळा कागद चिकटवला आणि पाडव्याच्या सुमारास स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीला आतून लावून दिली. पावसाळ्याच्या तोंडावर खिडकीला पत्रा लावायचा म्हणून काढली. काळा कागद सोलला तर खाली गुलाबी आणि जांभळा, आणि उघड्या बाजूला कागदाचा मळकट पांढरा आणि निळसर काहीतरी. आईने पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, हे चार रंग कुठले कुठले लावलेस? मी म्हटलं दोनच लावलेत.